वळीव आला की शेंगी मोरीत

सोलापुरातली मे महिन्यातली दुपार, साडेचार वाजलेले, बाहेर बेचाळीस, कूलर फुल्लवर, आणि आमची कुत्री शेंगी जी इतका वेळ फरशीला पोट लावून निवांत पसरलेली असते ती एकदम उठून उभी राहते. कान मागे, शेपूट पायात, आणि खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या चालू. खिडकीतून बघावं तर आभाळात ढगाचा ठिपका नाही. आई म्हणते, "हिला कळलं बघ, वरच्या कुरडया काढ पटकन." आणि खरंच पाऊण तासात विजापूर रोडच्या बाजूनं काळंकुट्ट उठतं, धूळ डोळ्यात जाते, गच्चीवरचे पत्रे थडाथडा वाजायला लागतात, लाइट जाते, इन्व्हर्टर टी-टी करतो, आणि पहिली वीज कडाडायच्या आधी शेंगी मोरीत बादलीच्या मागं जाऊन बसलेली असते, थरथरत, जिभेवाटे लाळ गळतीय. आईच्या कुरडया वाचतात, पण कुत्रीचं काय होतं ते बघवत नाही.

मी आधी त्या पंथातला होतो ज्यांना वाटतं की कुत्र्याला काय होतंय, दोन पावसाळ्यात सवय होईल. शेंगी गावठी, शेंगा भाजायच्या भट्टीमागं पोत्यावर सापडलेली म्हणून शेंगी, रंगही भाजलेल्या शेंगेचाच. पहिली दोन वर्षं तिला गडगडाटाचं फारसं काही नव्हतं, जरा कान टवकारायची आणि परत झोपायची. मग एका वळवात मी तिला गच्चीवर पत्र्याखाली बांधून बाहेर गेलो होतो आणि दोन गल्ल्या सोडून नारळावर वीज पडली. मी आलो तेव्हा तिनं साखळीला हिसके देऊन देऊन मान सोलून घेतली होती. तेव्हापासून हे सुरू झालं, म्हणजे चूक माझीच, आणि ती निस्तरताना जे वाचलं, जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, करून बघितलं ते सगळं इथं लिहितोय. मित्र म्हणतो, "का बे, कुत्रं हाय का ससा?" त्याला आता हा लेखच पाठवणार आहे.

तर पहिली गोष्ट, तुमचं कुत्रं लाडानं बिघडलेलं नाही. २०२० साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठानं १३,७०० पाळीव कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली, त्यात कुत्र्यांच्या सगळ्या भीत्यांमध्ये आवाजाची भीती एक नंबरला निघाली, ३२ टक्के. म्हणजे तीन कुत्र्यांत जवळपास एक. तिकडं आपल्यासारखे पत्रेही नसतील.

आता गडगडाट म्हणजे नेमकं काय ते थोडक्यात. वीज चमकते तेव्हा तिच्या वाटेतली हवा एका क्षणात साधारण ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, आणि ती हवा फटाक्यासारखी फुटून पसरते, तोच आवाज. विजेची रेघ काही किलोमीटर लांबीची असते, तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी येतो आणि लांबच्या टोकाचा नंतर, म्हणून जवळ पडली की कडाड आणि लांब पडली की नुसतं गुडगुडगुड बराच वेळ. उजेड लगेच दिसतो पण आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे चमकल्यापासून सेकंद मोजायचे आणि तीननं भागायचं, वीज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. हे गणित पुढं लागणार आहे, लक्षात ठेवा.

लोक म्हणतात कुत्र्याला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं म्हणून तो घाबरतो. हे अर्धंच खरं आहे. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला साधारण ४५,००० पर्यंत, पण ते बारीक, तीक्ष्ण आवाजांचं झालं. गडगडाट म्हणजे जाड, खालच्या पट्टीतला आवाज, त्यात कुत्र्याला आपल्यावर काही फार मोठी आघाडी नाही. मग शेंगीला पाऊण तास आधी कळतं कसं? कारण ती फक्त ऐकत नसते. वारा फिरतो, हवेचा दाब उतरतो, अक्कलकोटच्या बाजूला कुठंतरी पडलेल्या पावसाचा मातीचा वास वाऱ्यावर येतो, उजेडाचा रंग बदलतो. कुत्र्याच्या केसात स्थिर वीज साठून चटके बसतात म्हणून ते मोरीत नळापाशी जातं असंही एक म्हणणं आहे, पण ते पक्कं सिद्ध झालेलं नाही, आणि मला विचाराल तर मोरी गार असते, अरुंद असते, मोठी खिडकी नसते, एवढं कारण पुरेसं आहे.

म्हणजे आपल्याला जे एक वादळ वाटतं ती कुत्र्यासाठी एक लांबलचक साखळी असते. वास, मग वारा, मग अंधार, मग पत्रा, मग लाइट जाणं, मग इन्व्हर्टरची टी-टी, मग उजेड, मग कडाड. शेवटचा कडाड भयंकर, आणि तो दरवेळी ह्या सगळ्यानंतर येतो, मग कुत्र्याचा मेंदू मागं मागं जात शिकत जातो. पावलोवचा प्रयोग शाळेत वाचलेला असतो ना, घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी, तेच यंत्र इथं उलटं चालतं. आधी कडाडण्याला घाबरणारं कुत्रं पुढच्या वर्षी चमकण्याला घाबरतं, त्याच्या पुढच्या वर्षी वाऱ्याला. आमच्याकडं तर अशी वेळ आली की भर उन्हाळ्यात सकाळी अकराला, आभाळ निळंशार, नुसती लाइट गेली आणि इन्व्हर्टर वाजला तरी शेंगी मोरीत. आणि सोलापुरात लाइट काय, विचारू नका.

ह्या साखळीमुळंच "सवय होईल" हे चुकतं. आपोआप सवय होते ती न घाबरता ऐकलेल्या आवाजाची. घाबरून ऐकलेला आवाज दरवेळी भीती पक्की करत जातो.

घाबरल्यावर आत काय होतं तेही बघू, कारण त्यावरच पुढचं सगळं उभं आहे. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डला, तो धोक्याची घंटा. ती वाजली की अॅड्रेनलिन सुटतं, काळीज धडधडतं, श्वास वाढतो, पोटाचं काम थांबतं, म्हणून एरवी चिकनसाठी उड्या मारणारं कुत्रं वादळात तुकड्याकडं बघतसुद्धा नाही. मागोमाग कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वाढतं आणि ते लवकर उतरत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात २००५ साली भित्र्या कुत्र्यांना घरात वादळाचं नुसतं रेकॉर्डिंग ऐकवून लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं, ते २०७ टक्क्यांनी वाढलं, आणि ४० मिनिटांनंतरही मूळ जागी आलं नव्हतं. खरं वादळ नाही, रेकॉर्डिंग! म्हणजे पाऊस थांबला, मस्त गार वारं सुटलं, आपण भजी तळायला घेतली, तरी कुत्र्याच्या अंगात वादळ चालूच असतं. अशा वेळी त्याला "चल फिरून येऊ" म्हणून ओढू नका, आणि संध्याकाळी दुसरी सर आली तर ते आधीच निम्मं भरलेलं असतं हे धरून चाला. त्याच अभ्यासात ज्या घरात एकापेक्षा जास्त कुत्री होती तिथली कुत्री लवकर सावरली, पण म्हणून दुसरं कुत्रं आणायला पळू नका, दोन्ही घाबरट निघाली तर मोरी पुरायची नाही.

ह्या सगळ्याचा अर्थ काय, तर वादळ चालू असताना कुत्र्याला फार काही शिकवता येत नाही. तेव्हा फक्त सांभाळायचं. भीती कमी करायचं खरं काम कोरड्या दिवसांत करायचं असतं, आणि ह्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहेत. पावसाच्या नावानं आपण कायम रडतो, पण बघा ना, आपल्याकडं गडगडाटाचे हंगाम दोनच, एप्रिल-मेपासून मृगापर्यंतचा वळीव, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा, त्यातला हस्ताचा पाऊस तर वाजतगाजतच येतो. मधल्या जुलैत भुरभुर असते, आवाज फारसा नाही. आणि नोव्हेंबर ते मार्च आभाळ जवळपास गप्प. केरळात कुत्रं पाळणाऱ्याला एवढी मोठी सुट्टी कुठं मिळते?

पण आधी सांभाळायचं कसं ते, कारण वळीव काही तुमची तयारी व्हायची वाट बघत नाही.

जागा कुत्र्यालाच निवडू द्या. पलंगाखाली, मोरीत, देवघराच्या कोपऱ्यात, जिथं जाईल तिथं जाऊ द्या आणि दार उघडं ठेवा, बंद दारामागं कोंडलेलं कुत्रं दाराची लाकडं सोलतं, नखं उपटून घेतं. वर पत्रा असेल ती खोली नको, स्लॅबची, आतली, शक्यतो खालच्या मजल्यावरची खोली चांगली. पडदे ओढायचे म्हणजे चमक दिसत नाही. बाहेर बांधायचं तर अजिबातच नाही, माझं उदाहरण वर दिलंच आहे, घाबरलेलं कुत्रं साखळीत अडकून गळफास लावून घेऊ शकतं. गेटला कडी घाला, गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर फोन नंबर असू द्या, कारण घाबरून पळालेलं कुत्रं घराची दिशा बघून पळत नाही.

आवाजावर आवाज घालायला कूलरसारखी गोष्ट नाही. तो घुर्रर्र चालू असला की लांबचा गडगडाट त्यात विरघळून जातो. पण इथंच मेख आहे, आभाळ भरलं की लाइट जाते, कूलर बंद पडतो, घर एकदम शांत होतं आणि नेमकं त्याच शांततेत वीज कडाडते. म्हणजे आपण नकळत तिला अजून मोठं करून देतो. म्हणून इन्व्हर्टरवर चालणारा एखादा आवाज करणारा जुना टेबल फॅन, नाहीतर चार्ज केलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर पंख्याचा, पावसाचा एकसुरी आवाज कूलर चालू असतानाच लावून ठेवायचा. आधीच. कडाडल्यावर लावला तर तोही साखळीतली एक कडी होऊन बसतो.

उन्हाचं मात्र विसरू नका, हे परदेशी लेखांत कुणी सांगत नाही कारण त्यांना गरज नसते. तिकडं सांगतात की कुत्र्यासाठी टेबलावर चादर टाकून गुहा करा, अंगाला घट्ट कापड गुंडाळा. आपल्याकडं चादरीला काय तोटा, घरोघरी ढीग आहे, पण मे महिन्यात लाइट गेलेल्या खोलीत घाबरून धापा टाकणाऱ्या कुत्र्यावर जाडजूड सोलापुरी चादर घातली तर भीती राहिली बाजूला, उष्माघात व्हायचा. कुत्रं अंगानं घामेजत नाही, धापा टाकूनच गार होतं. गुहा करायची तर एक बाजू पूर्ण उघडी ठेवा, आत ओलं पोतं, शेजारी पाणी. हिरड्या गडद लाल झाल्या, लाळ चिकट झाली, झोक जायला लागला, उलटी झाली तर तो भीतीचा विषय राहिलेला नाही, अंगावर साधं पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि तसंच डॉक्टरकडं न्यायचं.

घट्ट कापडाचं म्हणाल, तर छातीभोवती आवळलेल्या कपड्यानं काही कुत्र्यांना बरं वाटतं, सगळ्यांना नाही. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातून २०२० साली फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांना कशानं फरक पडला ते विचारलं होतं, १,२२५ जणांना. असल्या जाकिटाचा उपयोग झाला म्हणणारे ४४ टक्के निघाले. महागडं विकत घेण्याआधी जुना टी-शर्ट पुढच्या पायांतून घालून पाठीवर गाठ मारून बघा, पण परतीच्या पावसात, गार हवेत, आणि आधी कोरड्या दिवशी दोनचारदा घालून, नाहीतर टी-शर्ट दिसला की कुत्रं समजणार आलं वादळ.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला. "घाबरल्यावर जवळ घेऊ नको, सवय लागते." आमच्या शेजारच्या वहिनी हे अजूनही सांगतात, आणि मी एक पूर्ण पावसाळा हे ऐकून शेंगीकडं दुर्लक्ष केलं, त्याचं आता वाईट वाटतं. बिस्किट दिलं की कुत्रं परत हात देतं, कारण हात देणं हे काम आहे, ते ते मुद्दाम करतं. भीती हे काम नाही. विजेला घाबरून पोरगं आईला बिलगलं आणि आईनं कुशीत घेतलं तर ते पुढच्या वेळी कुशीसाठी मुद्दाम घाबरत नाही ना? तसंच हे. कुत्रं जवळ आलं तर येऊ द्या, पाठीवर हात ठेवा, हळू आवाजात बोला. नाही आलं तर त्याच्या मागं मोरीत घुसून ओढून काढू नका, काहींना हात नकोसा होतो, फक्त तिथं जवळ बसून राहिलात तरी चालतं. रागावणं, फटका देणं, "बघ काय नाही होत" म्हणत उचलून गॅलरीत नेणं, ह्यानं विजेच्या भीतीत आपल्याबद्दलचीही भीती मिसळते, बाकी काही होत नाही.

त्याच बर्नच्या पाहणीत सगळ्यात पुढं जी गोष्ट निघाली ती फुकटातली आहे. आवाज झाला की लगेच कुत्र्याला आवडीचं खायला देणं किंवा खेळायला लागणं. ७० टक्क्यांहून जास्त मालक म्हणाले फरक पडला. ह्यात क्रम महत्त्वाचा, आधी गुडगुड, मग एकदोन सेकंदात तुकडा. उलटं केलं, म्हणजे तुकडा आधी आणि कडाड नंतर, तर तुकडाच धोक्याची घंटा होतो, आणि मग कुत्रं तुमच्या हाताला घाबरायला लागतं. हे मी केलंय, आठवडाभर शेंगी पनीरकडं संशयानं बघत होती. तुकडाही रोजच्या भाकरीचा नको, वादळासाठी राखून ठेवलेला, उकडलेलं चिकन, अंडं, पनीर, नखाएवढे तुकडे. आपल्याकडं घरात बेदाणे कायम पडलेले असतात, ते चुकूनही नाही, द्राक्षं आणि बेदाण्यानं कुत्र्याची किडनी जाऊ शकते. शेंगाचटणीची भाकरीही नाही, त्यात लसूण आणि तिखट. बिनमिठाच्या भाजलेल्या शेंगा दोनचार चालतात, आमची तर नावाला जागून त्याच मागते.

आणि कुत्रं तुकडा खातच नाहीये म्हणजे? म्हणजे ते उंबरठा ओलांडून गेलं. हा उंबरठा नीट समजून घ्या. त्याच्या अलीकडं कुत्रं अस्वस्थ असतं पण खातं, ऐकतं, तुमच्याकडं बघतं, म्हणजे शिकू शकतं. पलीकडं गेलं की शिकणं बंद, मग तुकडे कोंबायचे नाहीत, त्याच्या जागेवर जाऊ द्यायचं. उंबरठा कुठं आहे ते शोधायला ते सेकंदांचं गणित वापरा. मी एक वही केली, चमकल्यापासून किती सेकंदांनी आवाज आला आणि शेंगीनं काय केलं. पहिल्या वर्षी २५ सेकंदांवर, म्हणजे आठ-साडेआठ किलोमीटरवरच्या विजेला ती खाणं सोडायची. आधी सूचना मिळावी म्हणून दामिनी अॅप घ्या, पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं आहे, तुमच्या आसपास २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज पडतीय का ते दाखवतं. शेतकऱ्यांचा जीव वाचावा म्हणून केलेलं, पण ४० किलोमीटरची सूचना आली की फिरवून आणणं, कूलर लावणं, चिकन काढणं सगळं निवांत होतं.

आता कोरड्या दिवसातलं काम. गंमत अशी की आभाळ स्वच्छ झालं की आपण विसरतो. दिवाळीचे फटाके संपले की सुरू करायचं, मध्ये जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचं, म्हणजे आमच्या गड्ड्याच्या जत्रेचं, शोभेचं दारूकाम असतं तेव्हा आठवडाभर सुट्टी, कारण त्या दिवसात कुत्रं आधीच कावलेलं असतं.

पहिला महिना रेकॉर्डिंगला हातही लावायचा नाही. रोज एक ठरावीक चादर खाली अंथरायची, कुत्रं त्यावर आलं की तुकडा, बसलं की तुकडा, मान खाली टाकली की तुकडा, हळूहळू, गप्पगप्प, दहा मिनिटं, मग चादर घडी करून कपाटात. रोज. महिनाभरात चादर दिसली की कुत्र्याचं अंग आपोआप सैल पडायला लागतं. पावलोवच, पण ह्या वेळी आपल्या बाजूनं. ही चादर एरवी पसरून ठेवायची नाही, आणि वादळात पहिल्या वर्षी वापरायची घाई करायची नाही, कच्ची असताना तिच्यावर वीज पडली की सगळं वाया.

मग रेकॉर्डिंग. यूट्यूबवर तासतासभराची असतात. आवाज इतका कमी की तुम्हालाच वाटावं चालू आहे की नाही, कुत्र्याचा नुसता कान हलला पाहिजे. चादर, आवाज, तुकडे, पाच मिनिटं, बंद. दोनतीन दिवस सलग काही वाटलं नाही तर व्हॉल्यूम एक खुंटी वर. कुत्रं उठलं, धापा टाकायला लागलं तर तुम्ही घाई केली, दोन खुंट्या खाली या. लोक इथंच चुकतात, उत्साहात डायरेक्ट डॉल्बी लावतात. अजून एक, मोबाइलच्या स्पीकरमधून जाड आवाज येतच नाही, गडगडाटाची सगळी जान त्या जाड आवाजात असते, म्हणून मोबाइलवर पास झालेलं कुत्रं खऱ्या वादळात नापास होतं. शेवटी शेवटी वुफर असलेल्या स्पीकरवर जावंच लागतं. आणि तरीही रेकॉर्डिंगमध्ये वास नसतो, दाब नसतो, चमक नसते, म्हणून नुसत्या रेकॉर्डिंगवर भरवसा ठेवू नका.

साखळीच्या बाकीच्या कड्या सुट्या सुट्या सोडवाव्या लागतात, आणि हे मला सगळ्यात जास्त कामाला आलं. इन्व्हर्टरची टी-टी, तर मेन स्विच बंद करायचा, टी-टी झाली की तुकडा, चालू करायचा, झालं, दिवसातून दोनदा. दोन आठवड्यांत शेंगी लाइट गेली की माझ्याकडं पळत यायला लागली, चिकन कुठाय म्हणून. पत्र्याचा आवाज, तर मी गच्चीवर जाऊन मूठभर ज्वारी पत्र्यावर उधळायचो, भाऊ खाली तुकडे द्यायचा. हुबेहूब पहिल्या थेंबांचा आवाज येतो. आईनं पाहिलं आणि म्हणाली, "मंगळवेढ्याची ज्वारी पत्र्यावर उधळतोस, डोकं फिरलंय का तुझं?" त्यानंतर आम्ही मटकीवर आलो, मग खडीवर. अंधार करायला पडदे, चमकेला मोबाइलची बॅटरी भिंतीवर, लांबून, एकदाच. एका दिवशी एकच कडी, दोन कड्या जोडायच्या त्या अगदी शेवटी.

एवढं करूनही काही कुत्र्यांचं भागत नाही, त्यांना औषध लागतं आणि त्यात कमीपणा काही नाही. दोन प्रकार असतात, वादळाच्या आधी तासदीड तास द्यायची, आणि रोज द्यायची ज्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. कुठलं, किती, हे जनावरांचा डॉक्टरच ठरवणार, कुत्र्याचं वजन, वय, लिव्हर, हार्ट बघून. घरातल्या आजोबांची झोपेची गोळी अर्धी करून घालणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग, तो नको, काही कुत्री त्यानं उलटी चवताळतात, आणि माणसांच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विष आहे. एक प्रश्न मात्र डॉक्टरांना नक्की विचारा, ही गोळी भीती कमी करते का फक्त शरीर ढिलं करते? असेप्रोमाझीनसारखं औषध एकटंच दिलं तर कुत्रं पडून राहतं, आपल्याला वाटतं शांत झालं, पण आत ते सगळं ऐकत असतं, घाबरत असतं, फक्त पळता येत नाही. आम्हाला पहिल्यांदा एका ठिकाणी असंच काहीतरी मिळालं होतं, ती पडल्या पडल्या डोळे फिरवत बघत होती. नंतरच्या डॉक्टरांनी बदलून दिलं आणि आधी कोरड्या दिवशी एकदा देऊन बघायला लावलं, किती वेळात लागू पडतं, चाल बिघडते का ते कळायला.

आणि म्हातारं कुत्रं जर आयुष्यभर न घाबरता अचानक आवाजाला घाबरायला लागलं तर पहिलं त्याचं दुखणं शोधा. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं की ज्या कुत्र्यांच्या सांध्यात, स्नायूंत दुखत होतं त्यांची आवाजाची भीती उशिरा, सरासरी चार वर्षं उशिरा सुरू झालेली. दचकलं की अंग आखडतं, अंग आखडलं की कळ येते, आणि कुत्रं त्या कळेचा दोष आवाजाला देतं. दुखण्याचं औषध सुरू केलं की निम्मा प्रश्न सुटू शकतो.

गल्लीतल्या कुत्र्यांना हे काहीच करता येत नाही, त्यांच्यासाठी जिन्याखालचं दार उघडं ठेवलं आणि पावसातून आत आलं म्हणून कुणी बादलीभर पाणी मारलं नाही तरी पुष्कळ.

शेंगीच्या वहीतली यंदाची शेवटची नोंद ऑक्टोबरची आहे. रात्री नऊ. लाइट गेली, टी-टी, माझ्याकडं आली. १८ सेकंद, खाल्लं. ११ सेकंद, खाल्लं, कान मागं. ७ सेकंद, हातातून घेतलं पण तोंडातच धरून बसली. ४ सेकंद, तुकडा तोंडात तसाच घेऊन मोरीत.